शस्त्रामागचा कागद



गिरणी कामगारांत आयुष्य घालवलेल्या माणसाने सोलापुरात तोफा-अग्निबाणांविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण आम्हांस आज शस्त्राविषयी नव्हे, शस्त्रामागच्या कागदाविषयी बोलायचे आहे. आणि कागदाचे महत्त्व जकार्डवाल्या गावाला सांगायला नको. चादरीवरची नक्षी आधी चौकटींच्या कागदावर उतरते, मग पत्त्यांच्या भोकांत, आणि शेवटी मागावर. कागदावर दुरुस्ती झाली आणि पत्ते जुनेच राहिले, तर विणकर कितीही कसबी असो, चूकच विणली जाते.

शस्त्रनिर्मितीत हाच प्रश्न शेकडो पटींनी वाढतो. ‘पिनाक’ घ्या. 44 सेकंदांत 12 अग्निबाण सोडणारी ही यंत्रणा पुण्यात पाषाणच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेच्या पुढाकाराने घडली. इंधनाचे काम वेगळ्या प्रयोगशाळेचे, प्रक्षेपकाचे दिघीच्या संस्थेचे. पुढे निर्मितीत टाटा आणि लार्सन अँड टुब्रो आले. अशा कामात प्रत्येकाची गणिताची साधने निराळी, नोंदवह्या निराळ्या. पण इंधनाचे वजन बदलले की उड्डाणाचे गणित बदलते, आणि प्रक्षेपकावरचा भारही बदलतो. एका टेबलावरचा बदल दुसऱ्या टेबलाला कळलाच नाही, तर काय होईल?

काय होते ते जगाने पाहिले आहे. 1999 साली अमेरिकेचे मंगळावर धाडलेले यान नष्ट झाले. एका गटाचे आकडे पौंडांत होते, दुसऱ्याने ते न्यूटनमध्ये धरले. 2006 साली एअरबसच्या प्रचंड विमानाचे काम रखडले. हॅम्बुर्ग आणि तुलूझ येथे एकाच आरेखन-प्रणालीच्या दोन आवृत्त्या चालू होत्या, आणि विजेच्या तारांचे जुडगे विमानात बसेनात. दोन्ही ठिकाणी माणसे हुशारच होती. सांधा तेवढा निखळलेला होता.

एकीकरण म्हणजे सर्वांनी एकच यंत्र विकत घेणे नव्हे. प्रत्येक मापाचे अधिकृत घर एकच असावे, प्रत्येक बदलाला क्रमांक, तारीख आणि जबाबदार माणूस असावा, आणि सर्व साधनांना ती नोंद वाचता यावी, एवढाच त्याचा अर्थ. आरेखनांच्या अशा सामाईक भाषेचे आंतरराष्ट्रीय प्रमाण 1994 पासून प्रसिद्ध आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न आज अधिकच निकडीचा आहे. 1 ऑक्टोबर 2021 रोजी 41 आयुधनिर्माण्या सात कंपन्यांत वाटल्या गेल्या. तोफगोळ्याचे धातूचे अंग घडवणारी अंबाझरी एका कंपनीत, दारू भरणारा चांद्याचा कारखाना दुसऱ्या कंपनीत. पूर्वी एका मंडळाखाली फिरणारा कागद आता कंपनीची हद्द ओलांडतो. हद्दीवर कागद अडला, तर गोळा मात्र पुढे जातोच.

आता आमच्या पक्षाची गोष्ट. नोंद पडद्यावर एक झाली, पण लेथवरच्या माणसाला तीत लिहिता येत नसेल, तर ते एकीकरण अर्धेच. पट्टी झिजली, साचा हलला, हे प्रथम त्याच्या बोटांना कळते. ते नोंदले गेले नाही, तर पडद्यावर एक शस्त्र राहील आणि कारखान्यातून दुसरेच बाहेर पडेल. 24 जानेवारी 2025 रोजी भंडाऱ्याच्या आयुधनिर्माणीत स्फोट होऊन कामगार दगावले. त्याच्या कारणाचा निवाडा आम्ही येथे करीत नाही. पण स्फोटक हाताळणाऱ्याला त्या मालाची आणि यंत्राची पूर्ण माहिती हवी, हे सांगायला चौकशी समिती लागत नाही. शत्रूपासून गुप्तता ठेवावी. ज्याचा हात त्यात आहे त्याच्यापासून नव्हे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. ही नोंद कामगाराचे मिनिट मोजण्याची छडी होऊ नये. तीत वाचण्याचा आणि लिहिण्याचा हक्क त्याला मिळावा, आणि त्याने लिहिलेल्या शंकेला सहीनिशी उत्तर मिळावे. सैनिक ज्या शस्त्रावर विश्वास टाकतो, ते या उत्तरांवरच उभे असते.