सूर्यप्रकाशाने सांडपाण्याची शुद्धी



नदीकाठच्या गावातील एखादे मूल गुरुजींना विचारते, "आज पाण्याला हा रंग कशाने आला?" कापड रंगविणाऱ्या कारखान्याचे सांडपाणी पुरते शुद्ध न करता प्रवाहात सोडले, की असे घडते. कित्येक रंगद्रव्ये जिवाणूंना पचत नाहीत. म्हणून शुद्धीकरणाच्या नेहमीच्या टाक्यांतूनही ती निसटतात. अशा द्रव्यांवर प्रकाशाचा उपाय शास्त्रज्ञांना सापडला आहे.

पांढऱ्या रंगात वापरल्या जाणाऱ्या टिटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पडला असता पाण्याचे विघटन होते, हे जपानमधील अकिरा फुजिशिमा व केनिची होंडा यांनी १९७२ साली प्रसिद्ध केले. याच पदार्थाच्या चूर्णाने पाण्यातील विषारी सायनाइडचे ऑक्सिडीकरण होते, हे अमेरिकेतील फ्रँक व बार्ड यांनी १९७७ साली दाखविले.

जंबुपार किरण कणावर पडताच त्यातील इलेक्ट्रॉन उसळून जागा सोडतात. त्यायोगे पाणी व प्राणवायू यांपासून अतिशय क्रियाशील घटक निर्माण होतात व ते रंगद्रव्याचे रेणू फोडतात. क्रिया पूर्ण झाल्यास शेवटी कार्बन डायऑक्साइड, पाणी व साधे क्षार उरतात. कण मात्र खर्ची पडत नाही.

कण अतिसूक्ष्म कशासाठी, हे वर्गात गणितानेच पटविता येईल. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. त्याचेच एक मिलिमीटर बाजूचे १००० घन केले, तर एकूण पृष्ठफळ ६० होते. नॅनोकण तर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान असतात. पृष्ठभाग जितका अधिक, तितकी क्रियेला जागा अधिक.

तथापि या उपायाला मर्यादा आहेत. सूर्यप्रकाशात जंबुपार किरण शेकडा पाचच्या आसपासच असतात. गढूळ पाण्यात ते खोल पोहोचत नाहीत. सूक्ष्म कण पाण्यातून परत काढणे कठीण, म्हणून ते काचेवर किंवा मण्यांवर बसवावे लागतात. शिसे, पारा यांसारख्या धातूंचा तर नाश होतच नाही.

म्हणून मुलांच्या मनावर एक गोष्ट ठसविली पाहिजे: रंग गेला म्हणजे पाणी शुद्ध झाले असे नव्हे. नितळ दिसणाऱ्या पाण्यातही अर्धवट फुटलेले रेणू व धातू असू शकतात. त्याची परीक्षा प्रयोगशाळेतच होते. आणि घाण धुण्यापेक्षा ती प्रवाहात न सोडणे, हाच पहिला धर्म होय. हे ज्या मुलाला शाळेत उमगले, ते उद्या कारखान्यात कामाला गेले तरी नदीला विसरणार नाही.