पांढरीची माती काय सांगते?

(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



काळी म्हणजे रान आणि पांढरी म्हणजे गाव, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. गावाजवळचे जुने टेकाड खणून तिथली पांढरी माती गाडीने शेतात टाकायची, ही रीतही जुनी आहे. ही माती पिकाला का मानवते आणि ती उचलताना आपण काय गमावतो, एवढेच आज सांगतो.

वस्ती असते तिथे राख, शेण, हाडे, उष्टे-खरकटे पडत राहते. त्यातले नत्र उडून किंवा पाण्याबरोबर निघून जाते. स्फुरद मात्र सहसा जागा सोडत नाही. चुनखडीच्या जमिनीत ते कॅल्शियमशी, आम्ल जमिनीत लोह व ॲल्युमिनियमशी बांधले जाते आणि हजारो वर्षे टिकते. स्वीडनचे शास्त्रज्ञ ओलोफ अऱ्हेनियस १९२० च्या दशकात साखरबीटाच्या जमिनी तपासत होते. जिथे स्फुरद फार, तिथे जुनी वस्ती होती, असे त्यांना आढळले.

थरांचेही तसेच. राखेच्या थरात सामू चढतो. गोठा किंवा उकिरडा असेल तिथे स्फुरद व सेंद्रिय कर्ब वाढतो. पुराच्या गाळात स्फुरद एकदम उतरते. म्हणजे कोणता थर माणसाने घातला आणि कोणता नदीने, हे माती तपासून ताडता येते.

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इ. स. पूर्व १६०० ते ७०० च्या सुमाराचे शेतकऱ्यांचे गाव तिथे मिळाले. ते सातू पिकवीत. त्यांचा पाट आणि बांधही सापडला. थर जागेवर होते, म्हणूनच हे कळले.

आता आपल्या हिशेबाचे. पांढरीतले सगळे स्फुरद पिकाला मिळत नाही. पुरातत्त्वज्ञ एकूण स्फुरद पाहतात. आपल्या माती परीक्षणात उपलब्ध स्फुरद मोजतात. या दोन आकड्यांत पुष्कळ अंतर असते. शिवाय मुळात चुनखडी असलेल्या रानात राखेची माती टाकली तर सामू आणखी वाढण्याचा धोका असतो.

तेव्हा टेकाडाला कुदळ लावू नका. खापरे, हाडे, राखेचे पट्टे दिसले तर काम थांबवा आणि तहसील कार्यालयाला किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा. कंपोस्टचा खड्डा दरवर्षी भरता येतो. आपल्याच पूर्वजांच्या शेतीची ही वही एकदा विस्कटली, की पुन्हा लावता येत नाही.