चोवीस तासांची बाई



आज इथं खामगावात म्हाताऱ्या माणसांच्या शुश्रूषेवर बोलणार म्हटल्यावर दोन-चार पोरं हसली. म्हणाली, चळवळीत हे दुखणं कुठून काढलं? तर ऐका. हे दुखणं चळवळीचंच आहे, कारण म्हातारा कुणाचाही असो, त्याची घाण काढणारा हात बहुतेक वेळा आपल्या वस्तीतलाच असतो.

शहरात सध्या एक मंत्र चालू आहे. वृद्धाश्रम नको, घरीच सांभाळा, चोवीस तासांची बाई ठेवा. मंत्र वाईट नाही. म्हाताऱ्या माणसाला आपली खाट लागते, आपली खिडकी लागते, अंधारात हात लांबवला की सापडणारं बटण लागतं. ज्याची आठवण गेली त्याची जागा बदलली तर तो आणखीच भांबावतो. आश्रमात घंटेप्रमाणे जेवायचं, घरात भुकेप्रमाणे. मला हे सगळं कबूल आहे.

आणि ज्याला घरच नाही त्याला आसरा पाहिजेच. आपल्याच जिल्ह्यात, चिखली तालुक्यात पळसखेड सपकाळला सेवासंकल्प प्रतिष्ठान रस्त्यावरच्या बेवारस मनोरुग्णांना सांभाळतं. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांसाठीचा २००७ चा कायदा सांगतो की जिल्ह्यात निदान एक वृद्धाश्रम असावा, त्यात निदान १५० निराधार म्हाताऱ्यांची सोय असावी. ते दार उघडं राहिलंच पाहिजे.

माझा सवाल दुसराच आहे. घरी सांभाळायचं, पण कुणी?

माझी एक मावशी लोणार तालुक्यातली. कोरडवाहू गाव. सोयाबीन निघाली की मजुरी संपली. एका ब्युरोवाल्यानं तिला पुण्यात एका अंथरुणाला खिळलेल्या आजीजवळ ठेवलं. अशा पेशंटची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. आता हिशेब करा. रात्री दहाला दिवा मालवला, तर बारा, दोन, चार असं तीनदा उठणं आलं. सकाळी सहाला अंग पुसणं, डायपर, चहा, औषध. दिवसा घरचे म्हणतात, आजी झोपल्यात, तेवढी भांडी घासून टाक. मावशी सुट्टीत आली तेव्हा म्हणाली, "बाप्पा, पगाराचं ऱ्हाऊ दे, मले येक रात सलग झोपू द्या."

तिथं तिला सगळे मावशीच म्हणत. पगार वाढवा म्हटलं की, "अहो, तुम्ही घरातल्याच." चहा घ्यायची वेळ आली की घरातल्या माणसाचा कप वेगळा, स्टीलचा, मोरीजवळचा. ज्या हातानं आजीच्या तोंडात घास जातो, तो हात चालतो. कप चालत नाही! १९२७ साली महाडला ज्या पाण्यासाठी आपली माणसं मार खाऊन आली, तेच पाणी आज आपली बाई त्यांच्या आजीला चमच्यानं पाजते, आणि स्वतः मात्र मोरीजवळ पिते.

दोस्तहो, हे चोवीस तास आपल्याला नवे नाहीत. महारवतन म्हणजे काय होतं? हाक आली की उठायचं. वेळ ठरलेली नाही. घरधनी नसेल तर घरातलं दुसरं माणूस धरून न्यायचं. मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी १९२८ साली वतनाविरुद्ध विधेयक मांडलं, त्यामागं हाच जाच होता. पुढं मजूरमंत्री झाल्यावर १९४६ साली त्यांनीच कारखाना कायद्यात दुरुस्ती मांडली आणि कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. गिरणीच्या दाराशी पोचलेला तो भोंगा घराच्या बेडरूममध्ये अजून वाजलेला नाही.

आता मावशीच्या मायकडं या. ती लोणारलाच, ऐंशीच्या घरात. तिला श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० रुपये, म्हणजे दिवसाला पन्नास. मावशी पुण्यात परक्या आजीची कूस बदलते तेव्हा हिची कूस कोण बदलतं? शेजारीण, सवड झाली तर. एका म्हातारीला घर मिळावं म्हणून दुसऱ्या म्हातारीचं घर ओस पडतं. ही गोष्ट एकट्या बुलडाण्याची नाही. इटलीत म्हाताऱ्यांच्या घरी राहून काम करायला रुमानिया, युक्रेनमधून बाया जातात आणि मागं त्यांची पोरं आजीच्या गळ्यात पडतात.

म्हणून घरच्या शुश्रूषेला विरोध करायचा का? नाही. तिला नोकरी म्हणून उभी करायची. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २०११ साली घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार केला. त्यात साफ लिहिलंय की आठवड्यात सलग २४ तास सुट्टी, सुट्टीत त्या घरात थांबायची सक्ती नाही, आणि बाईची कागदपत्रं बाईजवळच. इटलीनं तो मान्य केला. भारतानं केलेला नाही. महाराष्ट्रानं २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. तिथं नाव नोंदलं की कल्याणाच्या योजना लागू होतात. पण रात्री किती वेळा उठायचं, हे ते मंडळ ठरवत नाही.

ते आपण ठरवायचं. जागरणाचे तास कामाचे तास धरा. चोवीस तासांना दोन बाया ठेवा. झोपायला आतून कडी लागणारी खोली द्या. पगार ब्युरोच्या हातात नको, बाईच्या खात्यात पाहिजे. अंगावर हात टाकणारा मालक असेल तर २०१३ च्या कायद्यात खासगी घरही कामाची जागा धरलंय आणि जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं तक्रार करता येते, हे गावागावांत सांगा. आणि गावात राहून गावातल्याच म्हाताऱ्या बघणाऱ्या बाईला सरकारनं पगार द्यावा, म्हणजे मावशीला मायची खाट सोडून पुणं गाठावं लागणार नाही.

तुमच्यातली निम्मी पोरं शहरात राहतात. तुमच्या बिल्डिंगमध्ये कुठल्या मजल्यावर अशी बाई आहे, माहीत आहे? ती खाली उतरत नाही, म्हणून दिसत नाही. उद्या जिना चढा. तिला आधी नाव विचारा, मग शेवटची सुट्टी कधी झाली ते विचारा. संघटना तिथून सुरू होते.

जय भीम.