विजापूरचा टेंपो आणि स्वस्त विमा

 

आज आम्ही गाडीच्या विम्याबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठली गाडी? पण आता बऱ्याच गावांत गटांनी माल नेण्यासाठी टेंपो घेतलेत, काहीजणी घेण्याच्या विचारात आहेत. नवा परवडत नाही म्हणून जुना बघतात, आणि जुना शेजारच्या राज्यात स्वस्त मिळतो. आम्हीही तेच केलं. त्यात कुठे शहाणपण केलं आणि कुठे चुकलो, दोन्ही सांगतो.

आमचं गाव जत तालुक्यात. आमच्या नऊ गटांच्या बाया कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि पापड करतात. माल जतच्या बाजारात आणि सांगली-मिरजेला जातो. प्रत्येक खेपेला भाड्याचा टेंपो, आणि नफ्यातला मोठा वाटा भाड्यातच. म्हणून 2023 च्या दिवाळीआधी ठरवलं, आपलाच एक छोटा हत्ती घ्यायचा. आमच्याकडे 3 लाख 10 हजार सांगत होते, तसाच 2018 सालचा टेंपो विजापूरला 2 लाख 60 हजारांत मिळाला. नंबर के.ए. 28. ग्रामसंघाची वेगळी नोंदणी नव्हती, म्हणून गाडी अध्यक्षाताईंच्या नावावर घेतली आणि ती सगळ्यांची आहे असा ठराव इतिवृत्तात लिहिला.

गाडी विकणारे अण्णा म्हणाले, "अक्का, विम्याची काळजी कशाला? पॉलिसी अजून सात महिने आहे. 35 टक्के बोनसपण आहे, सगळं तुम्हालाच."

ऐकायला गोड वाटलं. पण चौकशी केल्यावर दोन गोष्टी कळल्या. पहिली, जुन्या मालकाची पॉलिसी नुसती हातात घेऊन चालत नाही. गाडी नावावर झाली की 14 दिवसांच्या आत विमा कंपनीला अर्ज देऊन पॉलिसीवरही नवं नाव चढवून घ्यायचं. आपल्या गाडीने रस्त्यावरच्या दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचं संरक्षण गाडीबरोबर आपोआप येतं. पण आपल्या स्वतःच्या गाडीची मोडतोड झाली आणि पॉलिसीवर नाव जुनंच असलं, तर पैसे मिळत नाहीत. दुसरी, बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. ज्याने वर्षभर दावा केला नाही त्याची ती बक्षिसी. अण्णांचा बोनस अण्णांबरोबर गेला. पॉलिसी आमच्या नावावर करताना तेवढा फरक आम्हाला भरावा लागला. बोनस मिळणार म्हणून कुणी गाडीची किंमत वाढवून सांगत असेल, तर ऐकू नका.

परराज्यातल्या गाडीचं आणखी एक काम असतं. तिथल्या आरटीओकडून फॉर्म 28 वर ना-हरकत दाखला घ्यायचा. गाडी 12 महिन्यांहून जास्त इथे ठेवायची असेल तर इथला नवा नंबर घ्यावाच लागतो. आमचा के.ए. 28 जाऊन एम.एच. 10 आला. नंबर बदलला की तेही लगेच विमा कंपनीला लेखी कळवायचं. कागदावर एक नंबर आणि पाटीवर दुसरा, असं अपघाताच्या दिवशी निघालं तर पळापळ आपलीच. चासी नंबर आणि इंजिन नंबर बदलत नाहीत, ते पॉलिसीवर बरोबर आहेत का हे एकेक आकडा लावून बघा.

सात महिन्यांनी ती पॉलिसी संपत आली आणि खरा प्रश्न पुढे आला. विमा स्वस्तात कसा मिळवायचा?

मैत्रिणींनो, इथे एक गोष्ट नीट ऐका. गाडीच्या पूर्ण विम्याचे दोन भाग असतात. एक, दुसऱ्याला झालेल्या इजेचा आणि नुकसानीचा, ज्याला थर्ड पार्टी म्हणतात. हा कायद्याने सक्तीचा आहे. तो नसताना गाडी चालवली तर पहिल्या वेळी 2,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. याचा दर सरकार ठरवतं. त्यामुळे कुठल्याही कंपनीत जा, तो तेवढाच. तिथे घासाघीस करण्यात वेळ घालवू नका. दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. त्याचा दर प्रत्येक कंपनीचा वेगळा. विचारपूस करायची ती इथे. आम्ही तीन ठिकाणांहून लेखी दर मागवले. त्यात एक सरकारी कंपनी होती. सगळ्यात महाग आणि सगळ्यात स्वस्त यांत जवळपास 3 हजारांचा फरक निघाला. बँकेचं कर्ज असलं की बँक पूर्ण विमा मागते, ते बरोबरच आहे. पण तो कुठल्या कंपनीचा घ्यायचा, हे ठरवायचा हक्क आपला आहे.

तेवढ्यात तालुक्याच्या गावचा एक एजंट भेटला. म्हणाला, "ताई, कशाला 21-22 हजार घालवता? 12 हजारांत करून देतो."

निम्म्यात! आमच्या बैठकीत टाळ्या पडायच्या बाकी होत्या. पण आमच्यातली एक आक्का बाजारात भाव करणारी. तिने विचारलं, "कमी केलं ते कुठून केलं, ते आधी सांग."

तेव्हा कळलं. मालवाहू गाडीचे दोन प्रकार असतात. भाडं घेऊन दुसऱ्याचा माल नेणारी, आणि फक्त स्वतःचा माल नेणारी. जून 2022 पासूनच्या दरांत साडेसात टनांपर्यंतच्या पहिल्या प्रकाराला थर्ड पार्टीचा हप्ता 16,049 रुपये आहे आणि दुसऱ्या प्रकाराला 8,510. एजंट आमची गाडी दुसऱ्या प्रकारात घालणार होता. पण आम्ही तर आठवड्यातून दोन दिवस शेजारच्या गावातली डाळिंबं भाड्याने नेत होतो. त्या भाड्यावरच बँकेचा हप्ता निघत होता. म्हणजे कागदावर एक आणि रस्त्यावर दुसरंच. अशा वेळी अपघात झाला तर कंपनी हात वर करू शकते. तुमची गाडी खरंच फक्त तुमचाच माल नेत असेल, तर कमी दर हा तुमचा हक्क आहे, तो जरूर मागा. पण भाडं मारायचं असेल तर खरं सांगा.

दुसरी कपात त्याने गाडीच्या किमतीत केली होती. पॉलिसीवर गाडीची किंमत लिहिलेली असते, तिला आयडीव्ही म्हणतात. पाच वर्षांवरच्या गाडीची ही किंमत आपण आणि कंपनी मिळून ठरवतो. त्याने 1 लाख 40 हजार धरली होती. हप्ता कमी झाला खरा. पण गाडी चोरीला गेली तर त्या किमतीच्या वर काही मिळणार नाही, आणि बँकेचं देणं तर पावणेदोन लाख राहिलं होतं. आम्ही बाजारभावाच्या जवळची किंमत धरायला लावली.

तिसरी गोष्ट आम्हाला एका गॅरेजवाल्या दादांनी सांगितली. मालवाहू गाडीच्या विम्यात दिवे, टायर, मडगार्ड, बॉनेट, बंपर आणि रंग यांचं नुकसान सहसा धरलेलं नसतं. ते हवं असेल तर "आयएमटी 23" हे कलम जास्तीचे पैसे भरून मागून घ्यावं लागतं. छोट्या धडकेत आधी तेच तर फुटतं. आम्ही ते घेतलं. उलट, मालक-चालकाचा 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा एका कंपनीने दरपत्रकात घातला होता, तो काढायला लावला. मालक स्वतः परवानाधारक असेल तरच तो लागतो. आमच्या अध्यक्षाताईंकडे लायसन नाही, मग पैसे कशाचे? पगारी ड्रायव्हर आणि हमाल यांची जोखीम मात्र माणशी 50 रुपयांच्या घरात मिळते, ती चुकवू नका.

असा विचार करून आम्ही 21 हजारांच्या आसपास पॉलिसी घेतली आणि खूश झालो. आपण शहाण्या, असं वाटलं.

आता चुकीचं सांगतो.

त्या उन्हाळ्यात शेजारच्या गावच्या जत्रेत आम्ही स्टॉल लावला होता. माल सगळा खपला. संध्याकाळी रिकामे क्रेट मागे टाकले आणि सातजणी टेंपोत मागेच बसून निघालो. आपली गाडी, आपला रस्ता, गाणी म्हणत. ओढ्याजवळ म्हैस आडवी आली. ड्रायव्हरने ब्रेक मारला. मागच्या फाळक्याजवळ बसलेल्या मावशी खाली पडल्या. मनगटाचं हाड मोडलं, प्लेट बसवावी लागली. खर्च झाला 48 हजार रुपये. आणि पापड लाटण्यात ज्यांचा हात कुणी धरू शकत नव्हतं, त्या मावशींना दोन महिने पोळपाटाला हात लावता आला नाही.

आम्ही निर्धास्त होतो. पूर्ण विमा आहे ना! कंपनीच्या कार्यालयात फोन केला. तिथल्या माणसाने शांतपणे सांगितलं, "ताई, मालवाहू गाडीत मागे बसलेली माणसं पॉलिसीत नसतात. पुढचं पान वाचा."

पान वाचलं. खरंच तसं होतं. आमच्यात बी.ए. झालेलीही होती, पण तिनेही हप्ता, नाव आणि नंबर बघून पॉलिसी कपाटात ठेवली होती. गाडी कशासाठी वापरायची याचं कलम कुणीच वाचलं नव्हतं.

नंतर कायदाही समजून घेतला. मालाबरोबर जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा माणूस यांना संरक्षण आहे, पण तो केबिनमध्ये, नोंदणीत लिहिलेल्या आसनावर बसलेला हवा. छोट्या हत्तीत अशी जागा ड्रायव्हरशेजारी एकच. मालवाहू गाडीत नुसत्या प्रवासी म्हणून बसलेल्या माणसांची भरपाई देणं विमा कंपनीवर बंधनकारक नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2002 सालीच सांगितलं आहे. मग भरपाई येते कुणावर? गाडीच्या मालकावर. म्हणजे आमच्यावरच.

मावशींना कुणीतरी म्हणालं, केस करा. मावशी म्हणाल्या, "कुणावर करू? गाडी माझीच की."

ते वाक्य आमच्या काळजाला लागलं. नऊ गटांनी वर्गणी केली, ग्रामसंघाच्या फंडातून उरलेलं दिलं आणि दोन महिने मावशींच्या वाटणीचे पापड बाकीच्यांनी लाटले. पण हात गेला असता तर? जीव गेला असता तर? वर्गणीने काय भरून आलं असतं?

त्या महिन्याच्या बैठकीत ठराव केला, टेंपोच्या मागे माणूस बसणार नाही. हळदीला नाही, जत्रेला नाही, पंढरपूरला तर नाहीच. माल टेंपोने जाईल, एकजण केबिनमध्ये बसेल, बाकीच्या एसटीने. मार्च 2023 पासून आपल्याला एसटीत अर्धं तिकीट आहेच. सुरुवातीला कुरकुर झाली. "रिकामी गाडी जाते आणि आम्ही स्टँडवर उभ्या राहायचं?" आता कुणी काही बोलत नाही. मावशींचं मनगट सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे.

आणखी एक केलं. सगळ्याजणींच्या बँक खात्यातून पंतप्रधान सुरक्षा बीमा योजना सुरू केली. वर्षाला 20 रुपये, वय 18 ते 70. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आलं तर 2 लाख. साध्या फ्रॅक्चरचा खर्च यात मिळत नाही, हेही सांगून ठेवतो. नाहीतर आमच्यासारखीच तुमचीही समजूत होईल.

आता जाता जाता कामाच्या चार गोष्टी. पॉलिसी हातात आली की क्यूआर कोड तपासा किंवा एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून बघा, खोट्या पॉलिसीही फिरतात. मुदत संपायच्या आधीच नूतनीकरण करा, 90 दिवस उलटले तर आपला बोनस जातो. आरसा फुटला, ओरखडा गेला, असं किरकोळ काम पदरचे पैसे घालून करा. दावा न केल्याचा बोनस पहिल्या वर्षी 20 टक्के आणि वाढत 50 टक्क्यांपर्यंत जातो, मात्र तो स्वतःच्या नुकसानीच्या भागावरच. ड्रायव्हरचं लायसन आणि गाडीचं फिटनेस कधी संपतं, याच्या तारखा बैठकीच्या वहीत लिहून ठेवा. आमच्या ड्रायव्हरकडे साधं हलक्या गाडीचं लायसन आहे. 7,500 किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला ते चालतं, असा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा नोव्हेंबर 2024 चा निकाल आहे. आणि कंपनी दाद देत नसेल तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार द्या. तरी काही झालं नाही तर विमा नियामकाचा 155255 हा क्रमांक आहे, आणि पुण्या-मुंबईला विमा लोकपाल आहेत. तिथे तक्रारीला पैसे पडत नाहीत.

मैत्रिणींनो, स्वस्त विमा कशाला म्हणायचं, हे आम्हाला 48 हजार मोजून कळलं. तुम्हाला ते फुकटात कळावं म्हणून आज बोललो. तुमच्या गटाची गाडी असेल तर आज संध्याकाळी पॉलिसी काढा, चारचौघींत बसून शेवटच्या पानापर्यंत वाचा. इंग्रजी असेल तर शिकणाऱ्या पोरीला वाचायला लावा. आणि गाडीच्या मागे कुणी बसलं असेल, तर आधी तिला खाली उतरवा.

रामराम.