वृक्षाची उंची मोजण्याच्या सोप्या रीती



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानासाठी मी झाडाच्या उंचीसारखा विषय निवडावा, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. मी बी. ए. झालेला मनुष्य; गणिताशी माझा संबंध शाळेतच संपला होता. परंतु गेल्या वर्षी होसकोटे येथे आमच्या घरामागील निलगिरी पाडावयाची ठरली आणि तो पुन्हा जुळला.

बुंधा वाळवीने पोखरलेला. झाड पाडता येईल अशी एकच बाजू मोकळी होती आणि तिकडे ४७ फुटांवर शेजारच्या आजींची पडवी. मी चौकोनी कागद कर्णावर दुमडून ४५ अंशांचा कोन केला. कागदाची खालची बाजू जमिनीला समांतर धरावयाची आणि तिरप्या कडेवरून शेंडा दिसेपर्यंत मागे सरकावयाचे. बुंध्यापासूनचे अंतर भरले ४५ फूट. तीच उंची मी मोठ्या अधिकाराने जाहीर केली. वास्तविक ती माझ्या डोळ्यांपासून वरची उंची होती. जमिनीपासून डोळ्यांपर्यंतचे ५ फूट मिळवावयाचे मी विसरलो! झाड कोसळले आणि शेंड्याने पडवीची कौले फोडली. थोड्याच वेळापूर्वी आजींचा नातू तेथे गोट्या खेळत होता. आजी ‘परवागिल्ला’ एवढेच म्हणाल्या. कौले मी बसवून दिली. परंतु त्या रात्री माझा डोळा लागला नाही.

तेव्हापासून मी सावलीची रीत अधिक पसंत करतो. सपाट जमिनीवर काठी उभी करून तिची व झाडाची सावली एकाच वेळी मोजावी. काठीची उंची तिच्या सावलीच्या जितक्या पट, तितक्याच पट झाडाची उंची त्याच्या सावलीच्या. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’त छायेच्या गणितास स्वतंत्र स्थान आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातवाने मठ स्थापिल्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण येथे आहे. आपल्या येथे मात्र एक सावधगिरी हवी. एप्रिलच्या चोविशीस आणि ऑगस्टच्या अठराव्या दिवसाच्या सुमारास बंगळूरला मध्यान्ही सूर्य थेट डोक्यावर येतो आणि काठीची सावली नाहीशी होते. म्हणून सकाळची वेळ उत्तम.

आभाळ भरलेले असल्यास काठी हात लांब करून उभी धरावी. मुठीवरील भाग डोळ्यापासून मुठीपर्यंतच्या अंतराएवढा असावा. मूठ बुंध्याशी व टोक शेंड्याशी जुळेपर्यंत मागे जावे. मग आपण झाडापासून जितके दूर, जवळजवळ तितकेच झाड उंच.

त्रिकोणांच्याच आधाराने विल्यम लॅम्ब्टन याने दक्षिण भारत मोजला. त्याने १८०० मध्ये बंगळूरजवळ पायारेषा मोजली, आणि १८२३ मध्ये हे काम चालू असतानाच आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्याचा अंत झाला. आपण त्याच्या उलट वाटेने इकडे आलो, एवढेच!

परवा आजींनी आपल्या नारळाची उंची विचारली. सकाळी नऊच्या सुमारास ३ फुटी काठीची सावली ४ फूट व नारळाची ५२ फूट भरली. मी ३९ फूट सांगितले. आजींनी मान डोलावली, नातवाला आत बोलाविले आणि नारळापासून पडवीपर्यंतचे अंतर स्वतःच्या पावलांनी मोजून घेतले.