आपल्या माणसाची मोटार

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, विवाह, वसतिगृह, शिष्यवृत्ती अशा विषयांवर विद्वानांची भाषणे झाली. त्या पंक्तीला, कोळसाखाणीच्या यंत्रशाळेत तेलकट हातांनी उभे आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्या माणसाने बसावे, आणि तेही जुन्या मोटारींविषयी बोलण्यासाठी, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु चिटणीसांनी हा विषय मला उगाच दिलेला नाही. आपल्या समाजातील तरुण आज खाणींत, वीजकेंद्रात, सिमेंटच्या कारखान्यांत, शाळांत व दवाखान्यांत चांगल्या पगारावर आहेत. घर बांधून झाले की त्यांची दृष्टी मोटारीकडे वळते. आणि नवी मध्यम मोटार घेण्यापेक्षा तेवढ्याच पैशांत जुनी, पण वरच्या दर्जाची मोटार घ्यावी, असे अनेकांच्या मनात येते. ही हौस वाईट नाही. मलाही ती आहे. मात्र अशी मोटार आपल्यात बहुधा ओळखीतून आणि नात्यातून हाती येते. माझ्या आजच्या बोलण्याचे मूळ तेथेच आहे.

ज्या काळी या शहराला चांदा म्हणत, त्या काळी निवड करण्याचा प्रश्नच नव्हता. उत्तरपाड्याची अ‍ॅम्बॅसडर किंवा मुंबईत कुर्ल्याला तयार होणारी फियाट, यांपैकी जी मिळेल ती आपली. नव्या मोटारीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, म्हणून जुनी मोटारही भाव खाऊन असे. पुढे १९९५ च्या सुमारास पुण्यात मर्सिडीज तयार होऊ लागली, २००१ साली स्कोडाची ऑक्टाव्हिया औरंगाबादेतून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातून, बाहेर पडली, २००७ साली चेन्नईस बी.एम.डब्ल्यू.चा कारखाना सुरू झाला, आणि चित्र पालटले. विमा उतरवताना घसाऱ्याचे जे कोष्टक लावतात, त्यात चार वर्षे उलटून पाचवे चालू असलेल्या मोटारीची किंमत निम्मी धरली जाते. वरच्या दर्जाच्या मोटारी बाजारात पुष्कळदा त्याहूनही लवकर उतरतात. म्हणून चाळीस लाखांचे वैभव पंधरा लाखांत दारी येऊ शकते. पण बंधूंनो, एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. मोटारीची किंमत निम्मी झाली, तरी तिच्या सुट्या भागांची किंमत निम्मी होत नाही. पंधरा लाखांना घेतलेली मोटार दुरुस्तीच्या वेळी चाळीस लाखांचीच असते.

आता उदाहरणच सांगतो. माझा एक भाचा बल्लारपूरला नोकरीस आहे आणि त्याचे आईवडील अहेरीस राहतात. त्याचा आतेभाऊ नागपुरात असतो. दोघेही मोटारींचे मोठे रसिक. गेल्या हिवाळ्यात एका लग्नात जेवणाच्या पंक्तीतच दोघांचा वाद जुंपला. दोघांनाही जुनी मोटार घ्यायची होती, दोघांची रक्कम जवळजवळ सारखी. एकाच्या मनात स्कोडा ऑक्टाव्हिया, दुसऱ्याच्या मनात एक जर्मन बनावटीची सेडान, आणि वडील मंडळींचा आग्रह टोयोटाच्या इनोव्हा क्रिस्टाचा. अखेर भाचा मजकडे वळून म्हणाला, “मामाजी, तुम्हीच सांगा, कोणती चांगली?”

मी म्हटले, “मोटार मागाहून सांगतो. आधी तुझा रस्ता सांग.”

कारण मोटार कोऱ्या कागदावर चांगली किंवा वाईट नसते. ती कोणत्या रस्त्यावर आणि कोणाच्या हाती, यावर ते ठरते. नागपूरच्या भाच्याचा रस्ता गुळगुळीत. आठवड्यातून एकदा समृद्धी महामार्गाने कामावर जाणे, आणि दुरुस्तीचे केंद्र घरापासून पंधरा मिनिटांवर. अहेरीच्या वाटेचे तसे नाही. आष्टी ते आलापल्ली हा रस्ता लोहखनिजाच्या अवजड ट्रकांनी कित्येक पावसाळे खड्ड्यांनी भरून टाकलेला आपण पाहिला आहे. पावसाळ्यात नाल्यांवरून पाणी वाहते. सायंकाळनंतर रानडुक्कर किंवा नीलगाय केव्हा आडवी येईल, याचा नेम नाही. चंद्रपूरचा मे महिना ४६-४७ अंशांचा. त्यात बॅटरी, रबरी नळ्या, टायर आणि वातानुकूलन यंत्र यांची खरी परीक्षा होते. खाणपट्ट्यातील कोळशाची धूळ हवेच्या गाळणीत वेळेआधीच साचते. आणि परदेशी बनावटीच्या मोटारीचे काही बिघडले, तर सुमारे दीडशे किलोमीटरवरील नागपूर गाठावे लागते. अहेरीहून ते अंतर जवळजवळ दुप्पट पडते.

या तराजूत तोलून पाहिले. ऑक्टाव्हियाची रस्त्यावरील पकड, तिचे भक्कम दरवाजे, मागचे प्रशस्त सामानघर, हे सर्व मनोहर आहे. मलाही तीच अधिक आवडते. पण ती जमिनीपासून बेताच्याच उंचीवर असते, आणि १ एप्रिल २०२० पासून भारत-६ चे नियम आल्यावर स्कोडाने येथे डिझेल इंजिने देणे थांबविले. म्हणून डिझेलची हवी असल्यास ती त्याआधीचीच मिळणार. क्रिस्टा २०१६ साली आली. ती शिडीसारख्या पोलादी सांगाड्यावर उभी, चालवायला थोडी जड, वळणावर अंग टाकणारी; पण खड्ड्यांना न डगमगणारी, आणि जिची ओळख चंद्रपूर-गडचिरोलीच्या बहुतेक फिटरांना आहे अशी. भारत-६ ची डिझेल मोटार असेल, तर तिच्या धुरातील काजळी अडविणारी गाळणी साफ राहण्यासाठी तिला अधूनमधून मोठ्या रस्त्यावर सलग धावावे लागते. घर ते बाजार एवढाच प्रवास असणाऱ्याने ती घेऊ नये. या हिशेबाने नागपूरकराला ऑक्टाव्हिया आणि अहेरीकराला क्रिस्टा, असा निकाल होत आला होता.

इतक्यात ती जर्मन सेडान पुढे आली. ती होती भाच्याच्या चुलत सासऱ्यांची. गृहस्थ सज्जन, मोटार काचेसारखी लखलखीत, किंमत बाजारापेक्षा कमी, आणि वर शब्द असा की, “आपल्याच माणसाला द्यायची आहे.” भाच्याचे मन विरघळले. मी म्हटले, “आपण फिटर घेऊन पाहायला जाऊ.” तो ओशाळून म्हणाला, “मामाजी, सासरच्या माणसाच्या मोटारीला फिटर लावायचा म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवल्यासारखे होईल.”

हे वाक्य मी पूर्वी ऐकले होते. किंबहुना, ते मीच एकदा मनाशी म्हटले होते. ती हकीकत सांगणे मला सुखाचे नाही. पण आज ती सांगितली नाही, तर या भाषणाला अर्थ उरणार नाही.

बरीच वर्षे झाली. मी माझी जुनी मोटार माझ्या मावसभावाला विकली. तिच्या तिसऱ्या गिअरमधून एक बारीक घरघर येत असे. त्याने विचारले नाही, आणि मी सांगितले नाही. नात्यात एवढे काय सांगायचे, असे मला वाटले. नात्यात एवढे काय विचारायचे, असे त्याला वाटले. कागदपत्रेही तशीच राहिली. दोन महिन्यांत गिअरचा डबा गेला आणि खर्च मोठा आला. पुढे त्याच मोटारीने मूलच्या रस्त्यावर एका मोटारसायकलीस धडक दिली. विम्याची मुदत संपून गेली होती, आणि आर.टी.ओ.च्या दप्तरी मालक म्हणून नाव माझेच होते. दाव्याची नोटीस माझ्या दारी आली. निवृत्तीच्या पैशांतील मोठा भाग त्यात गेला. पैसा गेल्याचे दुःख कालांतराने विरले. पण त्यानंतर नऊ वर्षे आमच्या दोन्ही घरांनी एकमेकांच्या घरी पाणी घेतले नाही. मावशीच्या तेराव्याला आम्ही दोघे एका मांडवात दोन टोकांना बसलो होतो. त्या दिवशी मला उमगले की, ती घरघर त्या वेळी सांगितली असती, तर चार-दोन हजार रुपये कमी आले असते, एवढेच.

म्हणून मी भाच्याचे ऐकले नाही. सासरेबुवांना आधी दूरध्वनी करून, त्यांच्या संमतीने, फिटरसह नागपुरास गेलो. फिटरने मोटार थंड असतानाच सुरू करून पाहिली, धुराचा रंग पाहिला, संगणकाचे यंत्र जोडून गिअरची नोंद वाचली. मग आसनपट्टा शेवटपर्यंत ओढला, तर त्याच्या आतल्या टोकाला मातकट रेषा. मागचे जादा चाक उचलले, तर खाली वाळलेला गाळ. आसनांचे बोल्ट गंजलेले. ती मोटार कधीतरी पाण्यात बुडालेली होती. २०२३ च्या २३ सप्टेंबरच्या पहाटे नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या पुराने अनेक वस्त्यांतील मोटारी पाण्यात गेल्या, हे आपणांस आठवत असेल. ही त्यांतलीच होती की नाही, हे मी सांगू शकत नाही; पण सासरेबुवांनी ती २०२४ साली दुसऱ्याकडून घेतली होती, आणि त्यांनीही ती तपासून घेतली नव्हती. ते क्षणभर दुखावले, मग बराच वेळ गप्प राहिले. निघताना मात्र त्यांनीच आम्हांला आग्रहाने जेवू घातले आणि म्हणाले, “बरे झाले. ही मोटार तुमच्या घरी गेली असती, तर आयुष्यभर मला मुलीकडे मान वर करून पाहता आले नसते.”

जॉर्ज अकेरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला, आणि पुढे २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. त्यांचा मुद्दा सोपा आहे. मोटारीचा दोष विकणाऱ्याला ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. म्हणून घेणारा भीतीने सर्वच मोटारींना मधला भाव देतो. त्या भावात चांगल्या मोटारीचा मालक विकत नाही, आणि बाजारात वाईटच उरतात. अमेरिकेत अशा फसव्या मोटारीला लिंबू म्हणतात. आपण नव्या मोटारीच्या चाकाखाली लिंबू ठेवतो. तेथे मोटारच लिंबू निघते! या रोगावर उपाय एकच, आणि तो म्हणजे जे एकाला ठाऊक आहे ते दुसऱ्याला कळणे. आपल्याला वाटते की नाते असले म्हणजे ते आपोआप कळते. माझा अनुभव उलट आहे. परक्याला आपण दहा प्रश्न विचारतो. आपल्या माणसाला एकही नाही.

कायद्याचेही थोडे सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या ५० व्या कलमाप्रमाणे विक्रीची खबर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आर.टी.ओ.ला द्यावयाची असते आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत. नमुना २९ आणि ३० भरावेत. कर्ज असल्यास बँकेचा ना-हरकत दाखला आणि नमुना ३५ घ्यावा. नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव, तोच दाव्याच्या वेळी मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. विम्यातील त्रयस्थाची जबाबदारी मोटारीबरोबर नव्या मालकाकडे जाते. पण स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीचे संरक्षण हवे, तर विमा आपल्या नावावर करून घ्यावाच लागतो. परप्रांतातील मोटार स्वस्त दिसली, तर तेथील ना-हरकत दाखला आणि येथील कर यांचा हिशेब आधी मांडावा.

यावरून मंडळापुढे माझ्या तीन नम्र सूचना आहेत. पहिली, आपल्यात मोटार विकणाऱ्याने तिचे ज्ञात दोष एका कागदावर लिहून, सही करून द्यावेत. दुसरी, घेणाऱ्याने आपल्या पसंतीचा फिटर आणावा, त्याची मजुरी स्वतः द्यावी, आणि विकणाऱ्याने त्यात अपमान मानू नये. तिसरी, नाव बदलल्याशिवाय किल्ली देऊ नये. आपल्या समाजातील जे तरुण यंत्रशाळांत आहेत, त्यांची नावे मंडळाने नोंदवून ठेवली, तर हे काम सहज होईल. मीही अद्याप वाकून चाकाखाली पाहू शकतो.

आणि भगिनींनो, एक विनंती आपणांस. वराच्या दारातील मोटारीच्या बोधचिन्हावरून घराची योग्यता ठरवू नका. मुलीच्या बापाकडून मोटार घेणे हा तर १९६१ च्या कायद्याने गुन्हाच आहे. कित्येक तरुण आपल्याला न पेलणारी मोटार घेतात, ते रस्त्यासाठी नव्हे, मांडवासाठी.

भाच्याने अखेर एका अनोळखी गृहस्थाची क्रिस्टा, सर्व तपासून, घेतली, आतेभावाने ऑक्टाव्हिया. पंक्तीतला वाद अजून चालूच आहे आणि तो चालू राहावा. या पावसाळ्यात एका रात्री बहिणीला अहेरीहून चंद्रपूरला दवाखान्यात आणावे लागले. मोटार कोठेही थांबली नाही. पहाटे दवाखान्याच्या दारात भाचा मला म्हणाला, “मामाजी, सेडान असती तर सुंदर दिसली असती.” मी म्हटले, “खरे आहे.” आणि आम्ही दोघेही हसलो.

माझे मावसभाऊ आज या सभेत पहिल्या रांगेत बसले आहेत. आम्ही आता एकमेकांकडे जेवतो. त्यांच्या परवानगीनेच मी ही हकीकत सांगितली.