हाड जुळते ते घरी



खापरखेडा म्हटले की औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या डोळ्यांसमोर उभ्या राहतात. १३४० मेगावॅट क्षमतेचे हे केंद्र, सिल्लेवाडा-वलनीकडील कोळसा खाणी आणि रस्त्यावरील अवजड वाहतूक यांमुळे हातपाय मोडण्याचे प्रसंग या परिसराला अपरिचित नाहीत. न्हाणीघरात घसरून खुबा मोडणारी वृद्ध माणसे तर प्रत्येक गावात आहेत. नागपूरच्या ‘मेडिकल’मध्ये किंवा ‘मेयो’त शस्त्रक्रिया होते, काही दिवसांत रुग्ण घरी येतो आणि सुटलो असे घरच्यांना वाटते. खरे जिकिरीचे दिवस तेव्हाच सुरू होतात.

पायात सळई किंवा पट्टी बसली म्हणजे पाय पक्का झाला, हा समज सार्वत्रिक आहे. ही पट्टी म्हणजे स्लॅबखालचे सेंट्रिंग होय. स्लॅब स्वतः घट्ट होईपर्यंत ते आधार देते, एवढेच. नडगीचे हाड जुळण्यास बहुधा ३ ते ४ महिने, कधी त्याहून अधिक काळ लागतो. तत्पूर्वी पूर्ण भार पडत राहिला तर पोलादही वाकते वा तुटते. रोजी बुडते म्हणून घाईने कामावर जाणाऱ्याची अडचण खरी आहे. परंतु दुसऱ्या शस्त्रक्रियेत त्याहून अधिक रोजी बुडते. पायावर किती भार द्यावयाचा, हे डॉक्टरांनाच विचारावे.

भार टाळणे म्हणजे निजून राहणे नव्हे. सांगितलेला व्यायाम वेदना सोसूनही करावाच. गुडघ्याचा सांधा बदललेल्यांनी गुडघ्याखाली उशी ठेवू नये. बरे वाटते, पण पाय सरळ होत नाही. खुब्याचा सांधा बदलला असल्यास उकिडवे बसणे, पाटावर बसणे व मांडी घालणे डॉक्टरांच्या परवानगीवाचून वर्ज्य समजावे. गावचा सुतार जुन्या खुर्चीला भोक पाडून शौचाची सोय सहज करून देतो. रात्री उठावे लागू नये म्हणून पाणीच कमी पिणे, विशेषतः विदर्भाच्या उन्हाळ्यात, घातक आहे. कूलरचे सांडलेले पाणी मात्र लगेच पुसावे. काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरावी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

आता मालिशविषयी. पोटरी सुजली, दुखू लागली, गरम लागली तर रक्ताची गाठ झालेली असू शकते. तेल चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. अशा वेळी मालिशवाल्याला नव्हे, वाहनाला बोलवावे. दम लागला, छातीत दुखले तर १०८ ला दूरध्वनी करावा. जखमेतून पाणी किंवा पू येणे, ताप, प्लास्टरखाली असह्य ठणका, बोटे बधिर अथवा निळी पडणे, यांपैकी काहीही पुढल्या तपासणीच्या तारखेपर्यंत थांबत नाही. जखमेवर हळद लावू नये. ती दुधात पोटात गेलेली बरी. बिडीने हाड जुळण्यास विलंब होतो.

वॉकर, कुबड्या, शौचाच्या खुर्च्या काम संपल्यावर घरोघरी माळ्यावर पडून राहतात. ग्रामपंचायतीने त्या मागवून घ्याव्यात, धुऊन, रबरी बूच तपासून ठेवाव्यात आणि नोंदवहीवर सही घेऊन गरजूंना द्याव्यात. त्यासाठी वेगळ्या निधीची वाट पाहावी लागणार नाही. एक कपाट आणि एक वही पुरेशी आहे.